फुकटचा शंख

समुद्राला खारट म्हणायची पद्धत अजून पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वाळूत बीळ करून राहणाऱ्या एका खेकड्याला खडकांपलीकडचा किनारा बघायचा होता. पण वाटेत उघड्यावर राहिलं तर बगळा गिळणार, ही भीती.

शेजारचा, शंखात राहणारा एक म्हातारा खेकडा नुकताच मोठ्या शंखात गेला होता. तो म्हणाला, "माझा जुना घे. चालतं घर आहे, फुकट देतो."

"आणि खर्च, काका?"

"घ्यायच्या आधी विचारलंस? बरा निघालास! खाशील त्यातलं अर्धं ओढण्यातच जिरेल. नुसता पडून राहिलास तरी आत ओल लागते, म्हणजे रोज पाण्यापर्यंत फेरी आली. अंगानं वाढलास की शोध दुसरा."

खेकडा शंखात शिरला आणि खडकापर्यंत जाऊन आला. तेवढ्यात पोट पाठीला लागलं. धापा टाकत त्यानं विचारलं, "मग तुम्ही का ओढता हो?"

"माझं मागचं अंग मऊ, आणि मला बीळ खणता येत नाही, गाढवा! तू तर प्रत्येक भरतीनंतर नवं खणतोस."

खेकडा आपल्या नांग्यांकडे बघत राहिला. मग शंख तिथंच टाकून निघाला.

बगळा आला, तेव्हा खडकांपलीकडच्या वाळूत फक्त एक ताजं भोक होतं.