प्रकल्प पूर्ण

"...पण यंत्र बिघडलंच नव्हतं, सर. मग माझं चुकलं कुठे?"

शैलेंद्र हुपरीकर दारातूनच बोलत आत आला.

मांगलेकर सर ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. शैलेंद्रला इंजिनिअरिंग त्यांनीच शिकवलं. आता तो स्वतः प्राध्यापक होता, आणि कारखान्यांना सोबत घेऊन विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घेण्यात त्याचा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नव्हतं.

"बैस. पहिल्यापासून सांग."

शैलेंद्रने सांगितलं. एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये कामगारांचे हात सापडायचे. त्याच्या विद्यार्थ्यांनी वर्षभर खपून प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा बसवला. बोट जरी आत गेलं, तरी प्रेस जागच्या जागी थांबायची. मालकांनी सत्कार केला, पेपरात फोटो आला. पुढे प्रेस सारखी थांबते, माल कमी निघतो, म्हणून सुपरवायझरने पडद्याची वायर काढून ठेवली.

गेल्या आठवड्यात एका कामगाराचा हात गेला.

"कुठला?"

"...उजवा."

सरांनी आपला उजवा हात पाठीमागे घेतला. डाव्या हाताने एक शेंग उचलली, चिमटीत धरून दाबली. शेंग फुटली नाही. निसटली आणि घरंगळत अंगणात गेली. त्यांनी दुसरी उचलली. तीही निसटली.

शैलेंद्रला बघवेना.

"वायर काढलीय, हे तुला कधी कळलं?"

"अपघातानंतर. मध्ये कुणी गेलंच नव्हतं."

"कुणालाच जावंसं वाटलं नाही?"

"वृंदा चौगुले म्हणून एक मुलगी आहे. पडद्याची कल्पना मुळात तिचीच. ती म्हणत होती, अधूनमधून जाऊन बघून येऊ. नवीन यंत्र आहे, काही खोड निघाली तर दुरुस्त करू." शैलेंद्र थांबला. "मी म्हटलं, प्रकल्प पूर्ण झाला. मार्क पडले. आता परीक्षेचं बघ... सर, सारखे गेलो असतो, तर कारखान्याला वाटलं असतं, हे तपासणीला येतात. पुढच्या वर्षी त्यांनी दारात उभं केलं नसतं."

"कुठे आहे ती?"

"घरी. कॉलेजला येत नाही. वडील म्हणाले, नुसती बसून असते. तिला वाटतं, तिचं यंत्र फसलं. मी समजावलं फोनवर, फसलं नाही गं, बंद करून ठेवलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं... त्या माणसाचं नाव काय."

"काय नाव?"



"...मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. प्राचार्य म्हणाले, आता कारखान्यात काही विचारू नका. कॉलेजशी त्यांचा करार आहे, तो मोडेल."

सरांनी समोरच्या शेंगा बाजूला सारल्या. शैलेंद्रला वाटलं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"उद्या नवीन मुलं येतील, सर. नवीन प्रकल्प. काय सांगू त्यांना? मला काही सुचत नाही. तुम्ही सांगाल तसं करतो."



"या प्रकल्पाला किती मार्क दिलेस?" सरांनी विचारलं.

"पैकीच्या पैकी."

सरांनी मान हलवली. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"मीही तुला तेवढेच दिले होते."