गाढवावर राजाचं खोगीर

भूपतराव महाराजांच्या लाडक्या शिंगराला रोग झाला! गळ्याखाली ही भली मोठी गाठ, नाकातून पू, आणि खोकला काही थांबेना. त्यातून रोग संसर्गाचा. एकाला शिवलेला हात दुसऱ्याला लागला की दुसराही आडवा!

महाराजांनी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार येसबाला बोलावून फर्मावलं, "शिंगरू बरं झालंच पाहिजे! आणि पागेतल्या एकाही घोड्याला हा रोग लागता कामा नये. ज्याच्या हातून तो पागेत जाईल त्याची गाढवावरून धिंड! मग तो कुणी का असेना!"

"जी म्हाराज. मग शिंगराजवळ कुणी येऊ नये..."

"मी येणार! रोज त्याला कुरवाळणार, आणि मग घोडीवरून रपेटीला जाणार. बघतो मला कोण अडवतो ते!"

येसबाच्या तोंडचं पाणी पळालं. राजाच्या हातून रोग गेला, असं म्हणायची छाती कुणाची? धिंड निघणार ती आपलीच! बिचारा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला.

त्याची लेक हौसा म्हणाली, "आबा, म्हाराजांना अडवूच नका. मी राहते शिंगराजवळ. तुम्ही फक्त मी सांगते तेवढं करा."

तिनं शिंगराला गावाबाहेरच्या गोठ्यात नेलं. गरम पोटिसानं गाठ शेकली, कोमट कांजी पाजली.

दुसऱ्या दिवशी महाराज घोडीवरून डौलात आले. बघतात तो गोठ्याच्या दारात कुंभाराचं गाढव, आणि त्याच्या पाठीवर येसबानं पागेतून आणलेलं महाराजांचंच जरीचं खोगीर!

"हा काय चावटपणा?" महाराज कडाडले.

हौसा आतूनच बोलली, "या की म्हाराज! कुरवाळा शिंगराला. तुम्हाला कोण अडवणार?"

"मग हे गाढव कशाला?"

"परतीला! शिंगराला शिवून तुम्ही घोडीवर बसणार, घोडी पागेत जाणार, मागोमाग रोग जाणार. म्हाराज हुकमाचे पक्के! म्हटलं, ऐन वेळी धिंडीचा खोळंबा नको. हलगीवाल्यालाही सांगून ठेवलंय!"

तेवढ्यात गाढवानंही मान वर करून सूर लावला. महाराजांनी गाढवाकडे पाहिलं, खोगिराकडे पाहिलं, आणि असे खदाखदा हसले की घोडीच बिचकली.

"हरलो, पोरी! मी आपला बांधावरूनच हाक मारत जाईन!"

पुढे गाठ फुटली, पू वाहून गेला आणि शिंगरू खिंकाळायला लागलं. पागेत एक घोडा शिंकलासुद्धा नाही. महाराजांनी येसबाला पागोटं बांधलं आणि हौसाच्या हातात सोन्याचं कडं घातलं.

"म्हाराज, आता खोगीर काढून आणू?" तिनं विचारलं.

"राहू दे त्याच्याच पाठीवर! मला पाठीवर न घेता माझी अब्रू राखणारं जनावर आहे ते!"