मंगळाचा धोंडा

हे धोंडे एका रांगेत आहेत, पण त्यांची अंतरं सारखी नाहीत, बघा. त्या मोठ्या खडकाला आम्ही सूर्य म्हणतो. जवळचे दोन बुध आणि शुक्र. शंभर पावलांवर पृथ्वी, दीडशेवर मंगळ. गुरू पार पाचशेवर आणि शनी त्या उतारापलीकडे, साडेनऊशेवर. हे धोंडे अनशीने रागाच्या भरात मांडले, असं सांगतात.

अनशी केरू गुरवाची लेक. इंग्रजी अमदानीत केरू जमीन मोजणाऱ्यांची साखळी ओढायचा. तिथल्या एका साहेबाने त्याला दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दाखवले, ग्रहांची अंतरं समजावली. ती केरूने लेकीला शिकवली.

अनशीच्या अंगाला हळद लागली होती, मांडव भरला होता, आणि वऱ्हाडातल्या जोशीबुवांनी पत्रिका पुन्हा उघडली. "मुलीला कडक मंगळ आहे. सासू वर्षभरात जाईल." वऱ्हाड उठलं. केरूने आपलं पागोटं व्याह्याच्या पायांवर ठेवलं, तर व्याह्याने ते लाथेने बाजूला सारलं म्हणे.

ते पाहून अनशी पेटली. तिने पागोटं उचलून बापाच्या डोक्यावर ठेवलं आणि वऱ्हाडाची वाट अडवली. सगळ्यांना ती या माळावर घेऊन आली. पावलं मोजून धोंडे टाकले. पृथ्वीच्या धोंड्यावर हरभऱ्याचा दाणा ठेवला, मंगळाच्या धोंड्यावर मुगाचा.

"या मापाने हे ग्रह एवढेच," ती म्हणाली. "बुवा, त्या मुगापाशी उभे राहा. तिथून हरभरा दिसतो का सांगा. आणि हरभऱ्यावरची मी दिसते का, तेही सांगा!"

बुवा गेले. डोळे बारीक करून बघत राहिले.

मग सासूच पुढे आली. "चल पोरी, मांडवात चल."

"तुमचा मुलगा मान खाली घालून उभा आहे," अनशी म्हणाली. "माझ्या बापाचं पागोटं लाथाडलं, तेव्हाही तो असाच उभा होता. मी येणार नाही."

वऱ्हाड नवरीविना परतलं. गुरू आणि शनी मात्र तिने नंतर, एकटीने ओढत नेले. तोवरही तिचा राग उतरला नव्हता, म्हणतात.

आजही इथे मुलगी बघायला येणाऱ्यांना गूळपाणी देतात. पण कुणी पत्रिका मागितली, की मुलीची आई उठते आणि म्हणते, "चला माळावर." गेल्या वर्षी माझ्या नातीसाठी आलेले पाहुणे शुक्रापासूनच मागे फिरले. आम्ही त्यांना हाक मारली नाही.