आसंय म्हणायची विहीर

कातळवण्याच्या सड्यावर, या उघड्या पठारावर, ही एकच विहीर. चहूकडे नुसता काळा कातळ, आणि मधोमध हे चौकोनी तोंड. तुम्ही येताना पाहिलेच असेल, ती बाई कळशी सोडण्याआधी वाकली आणि आत तोंड करून मोठ्याने म्हणाली, "आसंय!" म्हणजे 'आहे मी'. तिला कुणी काही विचारले नव्हते. इथे पाणी काढणारा प्रत्येक जण आधी असे म्हणतो. परक्या माणसाला हसू येते, येऊ दे. आम्हालाही लहानपणी यायचे.

सांगतात की ही विहीर धाकू नावाच्या माणसाने खणली. धाकू आणि त्याची आई सड्यावरच्या झोपडीत राहायची. पाणी खालच्या नदीवर. आई अखेरच्या दुखण्यात पडली तेव्हा घरात घोटभरही पाणी नव्हते. धाकू कळशी घेऊन धावत उतरला, धावत चढला. दारातूनच त्याने हाक मारली. ओ आली नाही. त्या दिवशी त्याने मनाशी धरले, की या सड्यावर पाणी आणीन तरच नावाचा धाकू.

मनात येईल तिथे तो खणू लागला. तीन जागी खणले, तिन्ही जागी कोरडा दगड. ते खड्डे अजून आहेत, गावाने त्यांना 'धाकूचे शहाणपण' असे नाव ठेवले आहे. शेवटी तो तातू पाणाड्याकडे गेला. पाण्याची जागा अचूक सांगणारा म्हातारा, पण त्याने जागा काही सांगितली नाही. "माका काय इचारतस? कातळाक इचार," म्हणाला, आणि त्याला चार उन्हाळे नुसते हिंडायला लावले. हातात कुदळ घ्यायची नाही. दव कुठे टिकते, मुंग्या कुठे वारूळ करतात, ते पाहायचे. धाकू आधी चरफडला, मग हळूहळू बघायला शिकला. चौथ्या उन्हाळ्यात तो आपणहून म्हणाला, "गवत जंय अखेरीक सुकता, थंय खणतंय." तातू हसला आणि म्हणाला, खणण्यातले मला कळत नाही, ते भागूकडून शिक.

भागू ही एका पाथरवटाची विधवा. खालच्या वाडीत राहायची आणि स्वतः जांभ्याचे चिरे काढायची. तिचा नवरा विहीर खणताना आतल्या कोंडल्या हवेने गेला होता. वरचा माणूस पेज प्यायला गेला होता, हाक मारायला कुणी नव्हते. म्हणून धाकूला तिने पहारीच्याही आधी एक नियम शिकवला. "एक खाली, एक वर. वरच्यान इचारूचा, खालच्यान जबाब देवचो. जबाब नाय, तर दोर ओढूचो."

सहा वर्षे ती काठावर बसली. धाकू खाली घाव घालायचा, ती वर माती ओढायची आणि घटकेघटकेला विचारायची, "झिला, आसस काय रे?" म्हणजे 'पोरा, आहेस ना?' खालून ओ यायची, "आसंय!" आई गेल्यापासून धाकूला असे कुणी विचारले नव्हते. पण रोजची हाक, तिचे त्याला काय कौतुक? माणसाला मिळते तेव्हा कळत नाही, हेच खरे.

सातव्या वर्षीही कातळ कोरडाच. गावात धाकू दिसला की लोक हसायचे. तो चिडचिडा झाला. एका दुपारी भागूने नेहमीसारखे विचारले, तर तो तरातरा वर आला आणि बोलू नये ते बोलला. "तुझ्या हाकेन पाणी पळता, मावशे. घराक जा." विधवेच्या तोंडावर हे बोलणे! भागूने दोराची गुंडाळी केली, नीट काठावर ठेवली आणि चालू लागली. तिने मागे वळून पाहिले नाही, आणि त्यानेही थांबवले नाही.

मग दोन वर्षे धाकू एकटा खणत होता. खाली उतरून टोपली भरायची, वर येऊन ती ओढायची, पुन्हा उतरायचे. सड्यावर माणूस नाही, झाड नाही. खाली त्याला स्वतःचाच श्वास ऐकू यायचा. तो थांबला की सगळेच थांबायचे. आणि एक दिवस घाव घालता घालता त्याच्या तोंडून आपोआप निघाले, "आसंय!" कुणी विचारले नव्हते. धाकू पहार टाकून तिथेच बसला आणि लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी पाया पडायला म्हणून तो खालच्या वाडीत गेला.

भागूचे दार बंद होते. शेजारीण म्हणाली, गेली ती, शिमग्याआधीच. दोन वर्षे रोज दुपारी मागच्या बांधावर उभी राहायची, सड्याकडे तोंड करून विचारायची, "झिला, आसस काय रे?" जरा वेळ कान देऊन थांबायची आणि मगच पेजेला बसायची. "जबाब येय नाय," शेजारीण म्हणाली, "तरी म्हणायची, खणता आसतलो."

धाकू सड्यावर परतला. त्यानंतर त्याने कुणाला काही दाखवण्यासाठी खणले नाही, म्हणे. रोज खाली उतरला की आधी वर बघून मोठ्याने म्हणायचा, "आसंय, मावशे!" मग पहार उचलायचा. पुढच्या वैशाखात कपारीतून पाणी आले. घोट्यापर्यंत चढले तरी तो ओरडला नाही. त्याने करवंटीभर पाणी घेतले, न सांडता सडा उतरला आणि भागूच्या बांधावर ओतले. त्याचे ओले धोतर शेजारणीने पाहिले, तेव्हा गावाला कळले.

सगळे गाव कळश्या घेऊन धावले. हसणारेही होते त्यात. धाकूने कुणाला अडवले नाही, फक्त काठावर हात ठेवून म्हणाला, "भागूमावशी इचारता आसा. पयलो जबाब, मगे पाणी."

आजही या विहिरीवर 'आसंय' म्हटल्याशिवाय कळशी सुटत नाही. नव्या नवऱ्या लाजत पुटपुटतात, तेव्हा म्हाताऱ्या त्यांना पुन्हा म्हणायला लावतात. तुम्हालाही तहान लागली असेल. या, वाका इथे, आणि जरा मोठ्याने म्हणा. खालची वाडी लांब आहे, आणि भागूला द्यायची राहिलेली ओ तिथवर अजून पोचलेली नाही.