तोंडावर वाचणारा लेखक

एका गावाला सिनेमाचं वेड होतं. वेड किती, तर गावाबाहेरच्या माळावर सिनेमा काढणारी एक कंपनीच उभी राहिली होती, आणि गावातली निम्मी माणसं कधी ना कधी तिथे मावळा, भालदार नाहीतर वरातीतला पाहुणा होऊन आली होती. कंपनीचं नाव मयूरध्वज. मालक आबासाहेब नलवडे. त्यांच्या पदरी श्रीपती रेठरेकर नावाचा एक लेखक होता. ही गोष्ट त्याची.

श्रीपती कंपनीत आला तो संवादांच्या नकला उतरवायला. पुढे एखादा संवाद सुचवू लागला, मग सगळेच लिहू लागला. पडद्यावर मात्र अक्षरं यायची, 'कथा: आबासाहेब नलवडे'. गावाकडे त्याचे वडील चारचौघांत अभिमानाने सांगत, "आमचा श्रीपती सिनेमात हाय." लोक विचारीत, "मग दिसला न्हाई कधी?" त्यावर वडील विषय बदलत.

श्रीपतीला पाहायला कंपनीत पुष्कळ होतं. पडद्यावर शत्रूची फळी फोडणारे नायक धैर्यधर खऱ्या घोड्याला असे भीत, की त्यांच्यासाठी गाड्यावर पिंप बांधून त्याला खोगीर चढवावं लागे. गाडा चार माणसं ओढीत आणि धैर्यधर वर बसून तलवार फिरवीत. मालकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांना गोष्ट ऐकवायला बसावं, तर दुसऱ्या पानाला ते घोरू लागत. गोष्ट संपली की दचकून उठत आणि म्हणत, "छान आहे. फक्त शेवट बदला."

हे सगळं पोटात ठेवणं श्रीपतीला जमेना. त्याने सिनेमाच्या धंद्यावर एक कादंबरी लिहायला घेतली.

कंपनीच्या फाटकाजवळ शेवंताक्का राहत. मूकपटाच्या काळात त्या राणी होत असत. मग बोलपट आले. आक्कांची बोली माळावरची, रांगडी. ती राणीच्या तोंडी शोभत नाही असं मालक म्हणाले, आणि तेव्हापासून आक्का गर्दीत उभ्या राहू लागल्या. पण पावडर लावून यायच्या घरूनच आणि चालायच्या अजून राणीसारख्याच. श्रीपती नवा होता, तेव्हा त्याच्या जेवणाची आबाळ पाहून त्यांनीच त्याला आपल्या घरी ताटावर बसवलं होतं.

कादंबरीत आक्काही आल्या होत्या, पावडरीसकट आणि चालीसकट. श्रीपतीला चैन पडेना. एक दिवस तो वही घेऊन गेला आणि भीत भीत त्यांना ती पानं वाचून दाखवली. आक्का पोट धरून हसल्या.

"एवढंच व्हय?" त्या म्हणाल्या. "गर्दीतबी मी कुनाला म्होरं हुबं ऱ्हाऊ देत न्हाई, ते ऱ्हायलं की!"

मग डोळे पुसून त्या गंभीर झाल्या. "तू त्वांडावर वाचलंस म्हनून ग्वाड लागलं बग. हेच पाठीमागं वाचलं असतंस, तर चहाडी झाली असती. ज्याच्यावर लिवशील, त्याला आदी वाचून दावत जा."

श्रीपतीने हा रिवाजच करून टाकला. धैर्यधरांना त्यांचं पान वाचून दाखवलं. ते दिवसभर फुगून बसले आणि दुसऱ्या दिवशी हळूच येऊन म्हणाले, "पिंपावरूनही एकदा पडलो होतो. तेही घाल." एकट्या मालकांना मात्र श्रीपतीने काही वाचून दाखवलं नाही. ते झोपतात, वाचून काय उपयोग, असं तो मनाशी म्हणे. खरं तर नोकरी जाईल म्हणून तो घाबरत होता.

कादंबरी निघाली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. मालकांनाही कुणीतरी ती वाचून दाखवली, तीही ते जागे असताना. ते खूश झाले. त्यांना वाटलं, हा झोपाळू मालक म्हणजे पलीकडच्या गावातल्या कंपनीचा मालकच! "काय हुबेहूब उतरवलायस त्याला," ते श्रीपतीला म्हणाले. "याचाच बोलपट काढू. आणि पडद्यावर तुझं नाव घालू. चांगलं ठळक." श्रीपतीला वडील आठवले.

त्याने पटकथा लिहून वाचून दाखवली. रिवाजाप्रमाणे मालक झोपले. उठले, तेव्हा मात्र शेवटाचं काही बोलले नाहीत.

"मी विचार केला," ते म्हणाले. झोपेत कधी केला, कोण जाणे. "मालक घोरतो हे दाखवणं बरं नाही. धंद्याची अब्रू जाते. मालक शहाणा दाखव. हसायला दुसरं कुणी घे. तुझ्या कादंबरीतली ती म्हातारी घे की. स्वतःला राणी समजणारी वेडी. पोरं चिखल मारतात, डोक्यावरचा टोप उडतो, ती चिखलात बसते. लोक लोळतील हसून. आणि काम आपल्या शेवंतालाच द्यायचं."

"आक्का करणार नाहीत, मालक."

"तिला सांगतंय कोण? राणीचं काम आहे म्हणायचं. सिंहासनावर बसवायचं आणि तेवढा तुकडा घ्यायचा. पोरांचा तुकडा वेगळा. चिखलात दुसऱ्याच कुणाला तरी पाठमोरी पाडू. मग जोडून टाकू. तिला कळणार कशाला?"

सिनेमाचं काम असंच चालतं. तुकडे वेगवेगळे घेतात, मागचा आधी, पुढचा नंतर. आपण कुठल्या गोष्टीत उभे आहोत, हे उभं राहणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक नसतं. श्रीपतीला ते पक्कं ठाऊक होतं. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. घरी गेला आणि मालकांनी सांगितलं तसं लिहून काढलं. आक्कांना काम तरी मिळतंय, अशी त्याने मनाची समजूत घातली. मात्र दुसऱ्या दिवसापासून तो कंपनीत मागच्या दाराने येऊ लागला.

आक्कांनी गल्लीभर साखर वाटली. "मला पुन्ना राणी केली," भेटेल त्याला त्या सांगत होत्या. "आमच्या श्रीपतीनं लिवलीया."

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळीच, नथ आणि शालू घालून, आक्का श्रीपतीच्या खोलीत आल्या आणि समोर बसल्या.

"रिवाज इसरलास व्हय? वाच."

पळायला वाव नव्हता. श्रीपतीने वाचायला सुरुवात केली. मालक आले, नायक आले, पिंप आलं. आक्का खुदखुदत होत्या. मग ते पान आलं. 'वेडी म्हातारी स्वतःला राणी समजते. पोरं तिच्यावर चिखल फेकतात.' समोर आक्कांनी डोळ्यांत काजळ घातलं होतं. श्रीपतीला ते वाचवेना. तो कागदाकडे पाहत राहिला आणि कागदावर नसलेलंच बोलू लागला. नायक पिंपावरून पडतो. सगळे त्याला हसतात. तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी राणीसारखी चालत पुढे येते, त्याला हात देते आणि म्हणते, 'ऊठ. लढाई अजून सरली न्हाई.'

त्याचं बोलणं संपलं.

"लई झ्याक हाय," त्या म्हणाल्या. "पर पान उलटायचं इसरलास, श्रीपती."

श्रीपतीने खाली पाहिलं. खरंच, तेच पान समोर होतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"तिथं काय लिवलंय ते सांगू नगंस," आक्का म्हणाल्या. "तुझं त्वांड बगून समजलं. एवढंच सांग, का वाचलं न्हाईस?"

"लाज वाटली, आक्का."

"आनि मालकांवरचं लिवलेलं मालकास्नी वाचून दावलंस का?"

"नाही. भीती वाटली. आता तर ते खोडूनही टाकलं."

"मग समदं उलटं केलंस की रं, लेकरा!" आक्का म्हणाल्या. "ज्याचं भ्या वाटलं ते खोडलंस, आनि ज्याची लाज वाटली ते ठिवलंस."

त्या उठल्या आणि कामावर निघून गेल्या. रागावल्या असत्या तर श्रीपतीला बरं वाटलं असतं.

तो थोड्या वेळाने चित्रीकरणाच्या जागी गेला, तेव्हा कॅमेऱ्याचे दिवे लागले होते. आक्का सिंहासनावर बसल्या होत्या. कडेला चिखलाचा खड्डा तयार होता. श्रीपती सरळ मालकांच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिला. त्याच्या हातात छापलेली कादंबरी होती.

"मालक, तुमच्यावरचं वाचून दाखवायचं राहिलंय," तो म्हणाला, आणि सगळ्यांसमोर त्याने घोरणाऱ्या मालकाचं प्रकरण मोठ्याने वाचलं. श्रीपतीचं वाचन मालकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटपर्यंत जागेपणी ऐकलं.

"हा पलीकडचा नव्हे?" त्यांनी विचारलं.

"नाही, मालक. तुम्ही."

"मी घोरतो?"

कुणी मान वर करीना. धैर्यधर पिंपावर बसल्या बसल्या खोगिराचा पट्टा तपासू लागले. तेवढ्यात सिंहासनावरून आवाज आला.

"घोरता की! मूकपटापासनं घोरताय. तवा आवाज घेत न्हवते, म्हनून निभावलं."

आधी गाडा ओढणारे फुटले. मग धैर्यधर. मग कॅमेऱ्यामागून खिदळणं ऐकू आलं. मालकांनी रागाने सगळ्यांकडे पाहिलं, पण त्यांचंच पोट हलू लागलं होतं. ते इतके हसले की त्यांना उपरण्याने डोळे पुसावे लागले. पण डोळे पुसून झाल्यावर ते पुन्हा मालक झाले.

"बोलपट तुझ्या मनासारखा काढ," ते म्हणाले. "पण पडद्यावर तुझं नाव येणार नाही. भर कंपनीत मला हसवलंस, त्याची भरपाई ही."

श्रीपतीपुढे वडिलांचा चेहरा आला. मन बदलण्याआधी तो घाईने म्हणाला, "चालेल."

चिखलाचा खड्डा त्याच दिवशी बुजवला. आक्कांनी धैर्यधरांना हात दिला आणि आपलं वाक्य आपल्याच बोलीत म्हटलं. झोपाळू मालकाचं काम मात्र कुणालाच जमेना. शेवटी ते मालकांनी स्वतः केलं, आणि करता करता खरोखरच झोपले.

पहिल्या खेळाला सगळं गाव लोटलं. श्रीपतीने वडिलांनाही आणलं होतं. पडद्यावर नावं येऊ लागली. मालकांचं आलं, धैर्यधरांचं आलं, गाडा ओढणाऱ्यांचीसुद्धा आली. वडील एकेक अक्षर लावून वाचत होते. नावं संपली आणि त्यांनी श्रीपतीकडे पाहिलं. श्रीपतीने मान खाली घातली.

एवढ्यात बायकांच्या बाजूला आक्का उभ्या राहिल्या. ज्या आवाजाला बोलपटाने राणी होऊ दिलं नव्हतं, तो आवाज साऱ्या थिएटरात घुमला.

"आनि ही गोष्ट लिवलीया आमच्या श्रीपती रेठरेकरानं! त्यो बगा, तितं बसलाय!"

सगळं थिएटर मागे वळलं. वडिलांनी डोक्यावरचा पटका सारखा केला आणि लेकाच्या पाठीवर हात ठेवला.

"आज दिसलास रं," ते म्हणाले.

तात्पर्य: ज्याची थट्टा लिहावी, त्याला ती आधी वाचून दाखवावी. वाचताना भीती वाटली तर लिहिलेलं राहू द्यावं; लाज वाटली तर आपल्याच हाताने खोडून टाकावं.