सोयीची तारीख

मैथिलीला वाटलं होतं, खोक्यातून एखादी म्हातारी गिटार निघेल. पॉलिश उडालेलं, कडा झिजलेल्या, पोटावर कोणाच्या तरी नखांचे ओरखडे. विकणाऱ्याने जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, 'निर्मिती सन १९०४'. शंभर वर्षांहून जुनं लाकूड म्हणजे आवाज मुरलेला असणार, असं तिने मनाशी धरलं होतं. निघाली ती मात्र तकतकीत गिटार. लाकूड फिकट पिवळं, रेषा सरळ, कुठे तडा नाही. जुना होता तो फक्त वास. गिटारीच्या मधल्या भोकाशी नाक नेलं की ओल्या पाचोळ्याचा वास यायचा, दाट झाडीत खाली वाकल्यावर येतो तसा.

ही मैथिली डोंगरातल्या एका लहान गावची. शिकायला ती फार दूर, समुद्रापलीकडे गेली होती आणि शिकून झाल्यावर परत आली होती. तिला गावात गाण्याची शाळा काढायची होती. सगळ्या घरांतली मुलं एका ओळीत बसून गातील आणि घराघरांतली जुनी तेढ त्यातून विरघळून जाईल, असा तिचा पक्का विश्वास होता. त्यासाठीच तिने ही गिटार मागवली होती.

तिने बॅटरीच्या उजेडात गिटारीच्या पोटात डोकावून पाहिलं. आत लाकडावर देवनागरी अक्षरं कोरलेली होती: 'फाल्गुन वद्य पंचमी, १९०४'. तिने विकणाऱ्याला फोन केला. दिघे नावाचा तो शहरातला साधा माणूस होता. घर आवरताना माळ्यावर गिटार सापडली, आत आकडा दिसला तो जाहिरातीत घातला, यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं. पटत नसेल तर परत पाठवा, असंही तो म्हणाला. पण मैथिलीने ती ठेवून घेतली. आवाजच तसा होता. एक तार छेडली तरी खोली भरून जायची.

गावाच्या वरच्या अंगाला देवराई होती. देवराईचा नियम एकच, आतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. पडलेलं झाड तिथेच कुजायचं, पिकलेलं फळ तिथेच गळायचं. मधोमध तोडलेल्या शिवणीच्या झाडाचा एक बुंधा होता, आतून पोकळ. संध्याकाळी वारा सुटला की तो बुंधा घुमायचा. एकच सूर, खोल, लांबवर जाणारा. त्या वेळी गावातली माणसं बोलता बोलता थांबत. सूर विरला की अर्धवट राहिलेलं वाक्य जिथून सुटलं तिथून पुढे चालू करत. पाहुण्यांना ते विचित्र वाटे. गावाला त्याची सवय झाली होती.

पहिल्याच संध्याकाळी गिटार खुंटीला टांगलेली होती. घरात मैथिलीशिवाय कोणी नव्हतं. वर देवराईत बुंधा घुमला आणि गिटारीची जाड तार हात न लावता थरथरली. तोच सूर. मैथिलीने तार ढिली केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सूर. तिने तार ताणली. तरीही तोच. एका वस्तूच्या आवाजाने दुसरी वस्तू थरथरते, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. तिने स्वतःला ते समजावलं आणि सगळ्या तारा काढून डब्यात ठेवल्या. त्या संध्याकाळी बिनतारांची गिटार घुमली.

तारा परत चढवून तिने घरच्या ओसरीवर शाळा सुरू केली. मुलं भिंतीशी ओळीने बसत आणि मोकळ्या गळ्याने गात. पण गाणं संपून सगळं शांत झालं की ती ओठ न उघडता एक सूर धरत. सगळी एकदम, आणि थांबतही एकदम. हे कोणी शिकवलं, असं मैथिली विचारायची. मुलं एकमेकांची तोंडं बघत राहायची. आपण काही गायलो, हेच त्यांना माहीत नसायचं.

त्या मुलांत अनसाबाईची नातवंडं होती. अनसाबाईचं घर गावाच्या अगदी कडेला. तिचा बाप येसबा मोळ्या विकून पोट भरायचा. देवराईतली शिवण एका थंडीत नाहीशी झाली तेव्हा गावाने बोट त्याच्याकडे दाखवलं, कारण कुऱ्हाड घेऊन रानात फिरणारा तोच होता. येसबा नाही नाही म्हणत गेला. तेव्हापासून त्या घराला देवराईत पाऊल टाकायची बंदी होती. दर माघात देवराईची जत्रा भरली की गुरव शिवेच्या दगडावर उभा राहून ललकारी द्यायचा, "शके एकोणीसशे तीन, पौषात येसबानं शिवण तोडली. त्याचं घर दगडाच्या अलीकडं." मग गाव आत जायचा. अनसाबाई आपला नारळ दगडाशी ठेवून मागे फिरायची. सगळ्यात शेवटी कोणीतरी तो आत न्यायचं, किंवा विसरायचं.

मैथिलीला ही बंदी फार दुष्ट वाटायची. ती एकदा मुद्दाम अनसाबाईकडे गेली होती. मी गावाशी बोलते, म्हणाली. तुमच्या वडिलांच्या हातून घडलं ते गरिबीमुळे घडलं, गाव मोठं मन करून माफ करील, तुम्हीही आता राग सोडा. अनसाबाई अंगण सारवत होती. तिने मान वर केली नाही.

"माफीला आधी गुन्हा लागतो, पोरी," ती म्हणाली. "पाय उचल, ओलं आहे."

म्हातारी हट्टी आहे, असं मनात म्हणत मैथिली परतली होती.

देवळाच्या ओट्याशी एक काळा फळा होता. त्यावर रोजची तिथी लिहायचं काम मैथिलीने हौसेने आपल्याकडे घेतलं होतं. जत्रेच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, ती उद्याची तिथी लिहीत होती. तिथी लिहिली, महिना लिहिला, आणि पुढे सवयीने शके लिहून आकडा घातला. तिचा हात तिथेच थांबला.

गिटारीतल्या तारखेला तिथी होती. तिथीपुढे येतं ते साल इसवी सनाचं नसतं. तिथल्या १९०४च्या आधी 'सन' लावला तो दिघ्यांनी, आणि दूर शिकून आलेल्या मैथिलीने तो तसाच वाचला. ते शालिवाहन शकाचं होतं. गिटार इंग्रजांच्या काळातली नव्हतीच. चाळीसेक वर्षांपूर्वीची होती. शके एकोणीसशे तीनच्या पौषात शिवण गेली आणि पुढच्या साली फाल्गुनात ही गिटार तयार झाली. मध्ये गेला तो लाकूड वाळायला लागतो तेवढाच काळ. तिचं फिकट पिवळं लाकूड शिवणीचंच होतं, म्हणून ती त्या बुंध्याच्या सुरात घुमत होती.

तिला तो बुंधा आठवला. माणसांनी हात धरून फेर धरावा एवढा त्याचा घेर. तसं झाड मोळीवाल्याच्या डोक्यावरून शहरात जात नाही. त्याला बैलगाडी लागते. त्या काळी गावात गाडी एकाच घराकडे होती. ते घर मैथिलीचं होतं. गाडी तिच्या आजोबांची होती. येसबाच्या घराला बंदी घालणाऱ्या पंचांत सगळ्यात वर बसले होते ते आजोबाच.

ती घरी आली तेव्हा वडील आरशासमोर उद्याच्या जत्रेचा फेटा बांधून बघत होते. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा, मैथिलीही आप्पाच म्हणायची. आजोबांमागून देवराईचा मान आता त्यांच्याकडे होता. तिने त्यांना शकाचा हिशेब सांगितला. आप्पांनी आश्चर्य दाखवलं नाही. तिला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

"जाहिरातीत काय लिहिलंय?" आप्पांनी विचारलं.

"सन एकोणीसशे चार."

"मग तेच धर. साहेबाच्या वेळची वस्तू. आपला काय संबंध?"

"आप्पा, गाडी आपली होती."

आप्पा फेट्याचा शेमला नीट करत राहिले. मग सावकाश म्हणाले, आपण तेव्हा लहान होतो. एका पहाटे जाग आली तेव्हा आपली गाडी दारात होती आणि तिच्या चाकांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. आवाज होऊ नये म्हणून. आपण काही विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही.

"तूही विचारू नकोस," ते म्हणाले. "तुझी शाळा कोणाच्या ओसरीवर भरते? उद्या चोराच्या ओसरीवर पोरं पाठवील का कोणी?"

मैथिली गिटार घेऊन आतल्या खोलीत बसली. खरं म्हणजे तिला काहीच करावं लागणार नव्हतं. चूक दिघ्यांची होती. तिने एक अक्षरही खोटं बोलायची गरज नव्हती, फक्त ती चूक आहे तशी राहू द्यायची. शाळा चालली असती. आजोबांचा फोटो भिंतीवर राहिला असता. हळूहळू गावाचं मन वळवून अनसाबाईला देवराईत नेताही आलं असतं, आणि त्याबद्दल सगळ्यांनी मैथिलीचं कौतुकच केलं असतं. एवढ्या सगळ्या चांगल्या गोष्टी एका चुकीच्या तारखेवर उभ्या राहत होत्या.

तिचं मन वकिलासारखं बोलू लागलं. एखादा माणूस तिथीपुढे इसवी सन लिहूही शकतो. जुनी वस्तू जपली तर नवी दिसू शकते. शिवणी काय, डोंगरात पुष्कळ होत्या. ती जितका विचार करी तितकी ती तारीख जुनी आणि खरी वाटू लागली. तिने पुन्हा बॅटरी लावून गिटारीत पाहिलं. आकड्याच्या आधी 'सन' असं कोरलेलं होतं. स्पष्ट, खोल, इतर अक्षरांसारखंच. तिने डोळे मिटले आणि उघडले. तिथे काही नव्हतं. कोरं लाकूड होतं.

तेवढ्यात वर बुंधा घुमला. मांडीवरची गिटार घुमली. बाहेर आप्पा कोणाशी तरी जत्रेच्या पालखीविषयी बोलत होते, ते मध्येच गप्प झाले. शेजारच्या अंगणातलं बोलणं थांबलं. पलीकडच्या गल्लीतलं थांबलं. सगळा गाव तोंड मिटून बसला. मैथिलीला जाणवलं की आपल्याही घशातून तोच सूर निघतो आहे, ओठ न उघडता. तो थांबवावा म्हटलं तरी तिला थांबवता येईना.

आणि तिला कळलं. चिंध्यांच्या चाकांची ती गाडी रानातून कोणाच्या नकळत उतरली नव्हती. ती कितीतरी दारांवरून गेली होती. त्या दारांमागे कोणी ना कोणी जागं असणार. त्यांनी पाहिलं असणार, आणि मग त्यांना सोयीचं ते त्यांनी खरं धरलं असणार. रोज संध्याकाळी हा गाव गप्प होतो ती देवराईची भीती नव्हती. ती त्या पहाटेपासूनची गप्प बसण्याची सवय होती, आणि ती आता मुलांच्या गळ्यात उतरत होती.

सूर विरला. आप्पांचं पालखीविषयीचं वाक्य जिथे सुटलं होतं तिथून पुढे चालू झालं.

सकाळी उजाडल्यावर मैथिली गिटार घेऊन निघाली. ती देवराईकडे गेली नाही. ती आधी अनसाबाईच्या अंगणात गेली. तिने शकाचा हिशेब सांगितला, गाडी सांगितली, चाकांच्या चिंध्या सांगितल्या, आजोबांचं नाव घेतलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण ती मागण्याचा हक्क अजून आपल्याला मिळालेला नाही असं वाटून तिने ते मिटलं.

अनसाबाईने गिटार हातात घेतली. भोकाशी नाक नेऊन वास घेतला. बराच वेळ ती लाकडावरून तळवा फिरवत होती.

"बाप माझा मरेस्तोवर म्हणत होता, मी नाही," ती म्हणाली. "मला पण कधी कधी वाटायचं, खोटं बोलतोय." मग तिचा आवाज कोरडा झाला. "इथं अंगणात मला एकटीला सांगून काय उपयोग? कोंबड्यांना आधीच ठाऊक आहे."

"इथे सांगून थांबणार नाही," मैथिली म्हणाली. "आज गुरवाच्या आधी दगडावर मी उभी राहणार आहे. आजोबांचं नाव सगळ्यांसमोर घेणार. नंतर हे लाकूड देवराईत परत जाईल. ते तुम्ही न्यायचं, आमच्या घरातल्या कोणी नाही."

"ओसरी जाईल तुझी."

"जाईल."

"आणि पोरं?"

"ज्यांना यायचं असेल ती येतील. कुठेही बसू."

अनसाबाईने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. गिटार तिने खाली ठेवली नाही, परतही दिली नाही. दाराला कडी घातली आणि ती वाटेला लागली.

"आधी बोल," ती म्हणाली. "मग बघते."

तात्पर्य: दुसऱ्याची जी चूक आपल्या सोयीची असते, ती दुरुस्त करणं हे आपलंच काम असतं, आणि कोणाला माफ करायला निघण्याआधी गुन्हा कोणाच्या घरातून निघाला ते पाहून यावं.