आवाज नको झालेलं बटण

कळफलकांचा खडखडाट शेजारच्या घरात ऐकू जायचा, त्या काळची ही गोष्ट. एका कळफलकावरच्या ‘ळ’च्या बटणाला स्वतःचाच आवाज नकोसा झाला. ते कारागीर दाजीबांना म्हणालं, “मला बुटकं करा आणि माझा आवाज काढून घ्या.”

खालची स्प्रिंग म्हणाली, “आवाज गेला, तर तू आहेस हे कुणाला कळणार?”

बटणाने ऐकलं नाही. दाजीबांनी त्याची उंची कमी केली, खाली मऊ रबर बसवलं. पहिले काही दिवस सुखात गेले. मग शेजारची बटणं त्याला वगळून आपसात टकटक बोलू लागली. त्याने हाका मारल्या, त्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत.

कळफलक चालवणाऱ्या कुमुदताईंना दिसत नव्हतं. अक्षर उमटलं की नाही, हे त्या आवाजावरूनच ओळखत. त्या ते बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या आणि कागदावर ‘ळ’ची रांग लागली.

“दाजीबा, हे बटण गेलंय.”

“गेलं नाही ताई, गप्प आहे.”

“मला ते सारखंच.”

दाजीबांनी बटण काढून मोडक्या बटणांच्या डब्यात टाकलं. त्या डब्यात धडधाकट असं ते एकटंच होतं.